परतीची वाट : फ्रित्यॉफ नान्सेन यांचे जीवन

साहसी पुरुषांची चरित्रे वाचताना वाचकाचे मन बहुधा त्यांच्या पुढे जाण्याकडे ओढले जाते. कोण कुठवर पोहोचला, कोणते शिखर कोणी प्रथम गाठले, कोणाचे निशाण कोठे रोवले गेले, याच गोष्टींची नोंद इतिहास आवर्जून ठेवतो. परत येण्याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. नॉर्वेचे संशोधक फ्रित्यॉफ नान्सेन यांचे चरित्र मात्र या दुसऱ्या अंगाने वाचण्याजोगे आहे. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर त्यांनी परतीचा मार्ग जाणूनबुजून बंद करून घेतला आणि एक अज्ञात हिमप्रदेश ओलांडला. त्यानंतर सात वर्षांनी, तोवर कोणीही पोहोचले नव्हते इतक्या उत्तरेला जाऊनही, ते ध्रुवाकडे पाठ फिरवून मागे वळले. आणि आयुष्याच्या अखेरच्या दशकात, घराची वाट हरवलेल्या लक्षावधी माणसांसाठी त्यांनी आपला देह झिजवला. या तिन्ही घटना एकाच स्वभावातून उगवल्या आहेत.

बर्फाच्या अंगणात

नान्सेन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजी ख्रिस्तियानिया, म्हणजे आजच्या ऑस्लो शहराजवळील स्टोर फ्रोएन येथे झाला. वडील बाल्डुर हे वकील. शांत, सचोटीचे आणि कडक शिस्तीचे गृहस्थ. आई आडेलेड उमराव घराण्यातील असूनही घरकामापासून बागकामापर्यंत सर्व काही स्वतः करणारी, आणि स्त्रियांनी स्की वापरणे प्रशस्त मानले जात नसे अशा काळात हौसेने स्की चालवणारी होती.

स्की म्हणजे पायांना बांधावयाच्या लांब, अरुंद, टोकाशी वर वळलेल्या लाकडी पट्ट्या. माणसाचा भार त्यांच्यामुळे विस्तृत पृष्ठावर विभागला जातो, त्यामुळे भुसभुशीत बर्फात पाय रुतत नाही आणि उतारावर वाऱ्याच्या वेगाने घसरता येते. खाडीकाठच्या कोकणी माणसाला जशी होडी, तशी नॉर्वेच्या खेडुताला स्की. परंतु त्या काळी उर्वरित युरोपला हे साधन जवळजवळ अपरिचितच होते. फ्रित्यॉफ लहानपणापासून ख्रिस्तियानियाच्या उत्तरेकडील रानात स्कीवर हिंडत असे. एकट्याने, फार थोड्या शिदोरीवर दिवसच्या दिवस जंगलात काढण्याची सवय त्याला तेव्हाच जडली. पुढे लांब पल्ल्याच्या स्की-शर्यतींत त्याने राष्ट्रीय विजेतेपद अनेक वेळा मिळवले.

विश्वविद्यालयात त्यांनी प्राणिशास्त्र निवडले, त्याचे एक कारण म्हणजे त्या विषयात उघड्यावर हिंडण्याची संधी होती. १८८२ साली सीलची शिकार करणाऱ्या व्हायकिंग नावाच्या जहाजावरून ते उत्तरेकडील ध्रुवसमुद्रात गेले. जहाज काही आठवडे बर्फात अडकून पडले असता दूरवर ग्रीनलंडचा पूर्व किनारा दिसत होता. त्या किनाऱ्यापलीकडच्या प्रदेशाने त्यांच्या मनात घर केले ते कायमचे.

त्याच वर्षी ते बर्गेन येथील संग्रहालयात नोकरीस लागले. १८८४ च्या हिवाळ्यात ख्रिस्तियानियातील स्की-स्पर्धेत भाग घेण्यासाठी ते मधली पर्वतराजी ओलांडून स्कीवरून गेले आणि त्याच रीतीने परत आले. भर हिवाळ्यात त्या डोंगरातून जाणे स्थानिक शेतकऱ्यांनाही वेडेपणाचे वाटत होते. मात्र संग्रहालयातील नान्सेन हा वेगळाच मनुष्य होता. सूक्ष्मदर्शकावर वाकून ते खालच्या वर्गांतील प्राण्यांच्या मज्जासंस्थेचा अभ्यास करीत. १८८६ मध्ये इटलीत जाऊन त्यांनी गोल्जी यांची मज्जापेशी रंगवण्याची नवी पद्धत शिकून घेतली. मज्जातंतूंचे जाळे सलग नसून प्रत्येक पेशी स्वतंत्र असते, या पुढे सर्वमान्य झालेल्या सिद्धान्ताच्या आरंभीच्या पुरस्कर्त्यांत त्यांची गणना होते. पुढे बर्फावर त्यांना उपयोगी पडली ती दमदार छातीइतकीच ही सूक्ष्म निरीक्षणाची आणि हिशेबाची सवयही.

परतीचे दोर

ग्रीनलंडच्या अंतर्भागात काय आहे हे तोवर कोणालाच निश्चित ठाऊक नव्हते. स्वीडिश संशोधक नोर्डेनशेल्ड यांच्या १८८३ च्या मोहिमेतील सामी जमातीच्या दोघा माणसांनी स्कीवरून आत फार दूरवर मजल मारल्याचे वृत्त आले. ते ऐकताच स्कीवरून संपूर्ण ग्रीनलंड ओलांडता येईल, हा विचार नान्सेन यांच्या मनात आला.

तोपर्यंतचे सर्व प्रयत्न पश्चिम किनाऱ्यावरून झाले होते, कारण डॅनिश वसाहती त्या बाजूला होत्या. निघणारा संकट आले की मागे फिरून वसाहतीत येई. नान्सेन यांनी हा क्रम उलटा केला. जवळजवळ निर्जन अशा पूर्व किनाऱ्यावर उतरायचे आणि वस्ती असलेल्या पश्चिमेकडे चालायचे, अशी त्यांची योजना होती. सिंहगडावर सूर्याजीने परतीचे दोर कापल्याची कथा मराठी वाचकाच्या रक्तात भिनलेली आहे. नान्सेन यांनी निघण्यापूर्वीच, घरी बसून, शांतपणे तेच केले. मागे मृत्यू आणि पुढे वस्ती अशी मांडणी केली म्हणजे पाऊल पुढेच पडणार. यात आततायीपणापेक्षा गणित अधिक होते. पश्चिमेकडून निघणाऱ्याला जाऊन परत यावे लागते, म्हणजे वाट दुप्पट आणि शिदोरीही दुप्पट. पूर्वेकडून निघणाऱ्याला एकदाच चालायचे होते.

तज्ज्ञांनी या योजनेची हेटाळणी केली. नॉर्वेच्या सरकारने पैसे नाकारले. कोपनहेगनचे व्यापारी ऑगस्टिन गामेल यांनी पाच हजार क्रोनर दिल्यामुळे काम सुरू झाले. डॉक्टरेटच्या प्रबंधाची परीक्षा आटोपून अवघ्या काही दिवसांत नान्सेन निघाले. बरोबर पाच जण होते : ओट्टो स्वेर्ड्रुप, ओलुफ डीट्रिकसन, क्रिस्तियान क्रिस्तियानसेन ट्राना आणि सामुएल बाल्टो व ओले रावना हे दोघे सामी.

१७ जुलै १८८८ रोजी यासोन या जहाजाने सहा जणांना दोन होड्यांसह पूर्व किनाऱ्याच्या समोर सोडले. किनारा नजरेच्या टप्प्यात होता, परंतु मधल्या बर्फाच्या लाद्यांनी त्यांना वेढले आणि समुद्रप्रवाहाने दक्षिणेला ओढून नेले. बारा दिवसांनी पाय जमिनीला लागले ते ठरलेल्या स्थळापासून साडेतीनशे किलोमीटरहून अधिक दक्षिणेला. तेथून होड्या वल्हवीत ते पुन्हा उत्तरेकडे गेले आणि १५ ऑगस्ट रोजी उमिविक येथून चढण सुरू केली. आरंभी दिवसा बर्फ मऊ होत असल्यामुळे ते रात्री चालत. स्लेजगाड्या ओढायला कुत्री नव्हती. प्रत्येकाने आपला भार स्वतः ओढला. वादळांनी खूप दिवस खाल्ल्यावर ख्रिस्तियान्सहॉपकडे जाण्याचा मूळ बेत सोडून त्यांनी गोटहॉप वसाहतीचा जवळचा रोख धरला. ५ सप्टेंबरच्या सुमारास ते २,७०० मीटरपेक्षा अधिक उंचीवर पोहोचले. रात्री तापमान शून्याखाली ४५ अंशांपर्यंत उतरे.

त्या पठारावर दोन गोष्टींनी त्यांना छळले. पहिली तहान. सभोवार क्षितिजापर्यंत गोठलेले पाणी असूनही पिण्यास घोटभर नाही. इंधन मोजके असल्यामुळे बर्फाने भरलेल्या चपट्या बाटल्या अंगाच्या उबेत धरून ते पाणी करीत. दुसरी स्निग्धतेची भूक. पेमिकन म्हणजे वाळवून कुटलेले मांस आणि चरबी यांची घट्ट वडी; परंतु त्यांना मिळालेल्या पेमिकनमधून चरबी काढून टाकलेली होती. पोट भरत असे, पण भूक शमत नसे, आणि आठवड्याचे लोणी वाटून मिळण्याच्या दिवसाची सहाही जण डोळ्यांत प्राण आणून वाट पाहत. ही चूक नान्सेन विसरले नाहीत. पुढील मोहिमेच्या अन्नाचा विचार त्यांनी याच अनुभवावरून केला.

सप्टेंबरच्या उत्तरार्धात उतार लागला, वारा पाठीशी आला, आणि गाड्यांना तंबूच्या कापडाची शिडे बांधून ते पश्चिमेकडे धावू लागले. अखेर किनाऱ्याजवळ खाडीचे पाणी आडवे आले. तेव्हा तंबूचे कापड आणि तेथील खुरट्या वाळुंजीच्या फांद्या यांची होडी करून नान्सेन व स्वेर्ड्रुप निघाले आणि ३ ऑक्टोबरला गोटहॉपला पोहोचले. चढण सुरू केल्यापासून एकोणपन्नास दिवस झाले होते. ग्रीनलंडचा अंतर्भाग आरपार बर्फाच्छादित आहे हे प्रथमच सिद्ध झाले. त्या वर्षीचे शेवटचे जहाज हुकल्यामुळे हिवाळा तेथेच काढावा लागला. नान्सेन यांनी तो काळ इनुइट लोकांत राहून, त्यांची भाषा व कयाक ही चामड्याची होडी चालवण्याची विद्या शिकण्यात घालवला. त्यांच्यावर पुढे एक ग्रंथही लिहिला. मे १८८९ मध्ये ते मायदेशी परतले तेव्हा ख्रिस्तियानियाचे लोक बंदरावर लोटले होते. ग्रीनलंडवरील त्यांच्या ग्रंथामुळे स्की हे साधन साऱ्या युरोपच्या कुतूहलाचा विषय झाले.

बर्फाच्या प्रवाहावर

१८८९ च्या सप्टेंबरात नान्सेन यांचा विवाह प्राणिशास्त्रज्ञ मिकाएल सार्स यांची कन्या, गायिका एव्हा सार्स हिच्याशी झाला. परंतु मनात नवी योजना घोळतच होती. जेनेट नावाचे अमेरिकन जहाज १८८१ मध्ये सैबेरियाच्या उत्तरेस बर्फात चिरडले गेले होते. त्याचे काही अवशेष तीन वर्षांनी ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर सापडले. याचा अर्थ असा की ध्रुवसमुद्रातील बर्फ स्थिर नसून पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहत आहे. ज्या बर्फाशी झुंजताना आजवर जहाजे फुटली, त्याच बर्फात मुद्दाम गोठून राहिले तर तो प्रवाहच जहाजाला ध्रुवाच्या परिसरातून पलीकडे नेईल, असा नान्सेन यांचा तर्क होता. लंडनच्या विद्वत्सभेत अनुभवी दर्यावर्द्यांनी त्यावर कठोर टीका केली. नॉर्वेच्या संसदेने मात्र या वेळी हात आखडला नाही.

कॉलिन आर्चर यांनी बांधलेले फ्राम हे जहाज रुंद, बुटके आणि गोल पोटाचे होते. बर्फाचा दाब आला की ते चिमटीतून निसटणाऱ्या बीप्रमाणे वर उचलले जावे, ही त्यातील कल्पना. २४ जून १८९३ रोजी तेरा जणांसह ते निघाले आणि सप्टेंबरात सैबेरियाच्या उत्तरेस बर्फात गोठले. जहाजावर पवनचक्कीवर चालणारे विजेचे दिवे होते आणि निवडक ग्रंथांचा चांगला संग्रह होता. दाब आला तसे फ्राम वर उचलले गेले. तर्क खरा ठरला. उथळ मानलेला ध्रुवसमुद्र तीन हजार मीटरहून खोल असल्याचे मोजमापांनी दाखवले. बर्फ वाऱ्याच्या दिशेने सरळ न वाहता उजवीकडे झुकून वाहतो, हे नान्सेन यांचे निरीक्षण पुढे एकमान यांच्या प्रसिद्ध सिद्धान्ताचे बीज ठरले.

परंतु प्रवाह मंद होता आणि जहाज ध्रुवावरून न जाता त्याच्या बाजूने जाणार हे दिसू लागले. दीड वर्षाच्या या सक्तीच्या निष्क्रियतेत नान्सेन यांचा स्वभाव सहकाऱ्यांना जड जाऊ लागला होता. अखेर त्यांनी एका सोबत्यासह स्कीवरून ध्रुवाकडे निघण्याचे ठरवले. सोबती म्हणून त्यांनी यालमार योहानसेन यांची निवड केली. हा बळकट, अबोल आणि कसलेला कसरतपटू फ्रामवर केवळ जागा मिळावी म्हणून भट्टीत कोळसा घालण्याचे काम पत्करून आला होता.

ध्रुवाकडे पाठ

१४ मार्च १८९५ रोजी दोघांनी जहाज सोडले. अठ्ठावीस कुत्री, तीन स्लेजगाड्या, दोन कयाक. ध्रुव सुमारे ६६० किलोमीटर दूर होता आणि पन्नास दिवसांचा हिशेब मांडला होता. या वेळी परतीचे दोर कापण्याचेही कारण नव्हते. ते आपोआपच तुटले होते. वाहते जहाज त्या अफाट पांढऱ्या विस्तारात पुन्हा सापडणे अशक्य होते. परतायचे ते शेकडो किलोमीटर दक्षिणेला असलेल्या, अर्धवट नकाशे असलेल्या फ्रान्झ योसेफ बेटांकडे.

थंडी शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपास रेंगाळत होती. दिवसभराच्या श्रमाचा घाम लोकरी कपड्यांत गोठे आणि कपड्यांचे चिलखत होई. बाह्यांची गोठलेली कड मनगटांना कापीत असे, आणि त्या जखमांचे वण नान्सेन यांच्या हातांवर कायम राहिले. रात्री दोघे एकाच झोपपिशवीत शिरले की ते चिलखत अंगाच्या उबेने वितळू लागे. तासभर दात वाजत राहत, मग ओल्या कपड्यांतच झोप लागे, आणि सकाळी बाहेर पडताच पुन्हा चिलखत तयार. मार्गावर बर्फाच्या लाद्या एकमेकींवर चढून उभे राहिलेले बांध होते. प्रत्येक बांधावरून प्रत्येक गाडी उचलून न्यावी लागे. थकलेले कुत्रे मारून त्याचे मांस इतरांना घालण्याचा क्रूर नियम आरंभीच ठरला होता आणि तो पाळताना दोघांचेही मन रोज मरत होते.

सर्वांत क्रूर गोष्ट डोळ्यांना दिसत नव्हती. ते उत्तरेकडे चालत असताना पायाखालचा बर्फ दक्षिणेकडे वाहत होता. दिवसभर मरमर चालावे आणि सायंकाळी अक्षांश मोजावा, तर हाती फारच थोडे पडलेले असे. ८ एप्रिल रोजी नान्सेन एकटेच स्कीवरून पुढे गेले आणि एका उंच लादीवर चढून त्यांनी उत्तरेकडे पाहिले. क्षितिजापर्यंत उंचसखल बांधच बांध होते. ते ८६ अंश १४ कलांपर्यंत आले होते. पूर्वीच्या विक्रमाच्या जवळजवळ तीन अंश पुढे. ध्रुव उरला होता सुमारे ४२० किलोमीटर. अंगात बळ होते, काही आठवड्यांचे अन्न होते, आणि जगात कोणाला न मिळालेले यश समोर होते. नान्सेन यांनी कुत्र्यांची संख्या, अन्नाचे वजन, रोजची सरासरी आणि परतीच्या वाटेचे अंतर यांचा मेळ घातला. उत्तर स्पष्ट होते. त्या रात्री त्यांनी उरलेल्यातल्या त्यात उत्तम पदार्थांचे जेवण केले, आणि दुसऱ्या दिवशी ते दक्षिणेकडे निघाले.

ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्यावर पुढे जाण्याचा निर्णय आणि ८६ अंशांवर मागे वळण्याचा निर्णय वरवर परस्परविरोधी दिसतात. वस्तुतः दोन्हींत एकच सूत्र आहे. पहिल्या वेळी आकडे पुढे जा म्हणत होते, दुसऱ्या वेळी मागे फीर म्हणत होते. नान्सेन यांनी दोन्ही वेळा आकड्यांचे ऐकले, आपल्या कीर्तीच्या हव्यासाचे ऐकले नाही. ध्रुवीय संशोधनाच्या इतिहासात हे न जमल्यामुळे प्राणांस मुकलेल्या वीरांची नावे थोडी नाहीत.

परतीची वाट सोपी नव्हती. एप्रिलच्या मध्यास, दीर्घ चालीनंतर थकून झोपलेल्या दोघांचीही घड्याळे किल्ली न दिल्याने बंद पडली. रेखांश काढण्यासाठी अचूक वेळ लागते. ती गेल्याने आपण नेमके कोठे आहोत हे सांगणे अशक्य झाले. नकाशात दाखवलेली पीटरमन भूमी वाटेत लागलीच नाही, कारण ती अस्तित्वातच नव्हती. २४ जुलैला प्रथम जमीन दिसली. ऑगस्टच्या आरंभी उघडे पाणी आले आणि शेवटची दोन कुत्री बरोबर नेणे शक्य राहिले नाही. आपले कुत्रे आपल्या हाताने मारवेना, म्हणून प्रत्येकाने दुसऱ्याच्या कुत्र्यावर गोळी झाडली.

हिवाळा तोंडावर आल्यावर त्यांनी एका निर्जन बेटावर जमीन खणून दगडांची झोपडी उभारली. छप्पर वॉलरसच्या कातड्यांचे, अंथरूण अस्वलाच्या कातड्याचे, दिवा चरबीचा आणि अन्न अस्वलाचे मांस. त्या खोपटात त्यांनी जवळजवळ आठ महिने काढले. ऑक्टोबरात बुडालेला सूर्य फेब्रुवारीच्या अखेरीसच दिसला. दिवसाचे वीस तासही ते झोपून काढीत. वाचावयास काय, तर नौकानयनाची कोष्टके आणि पंचांग. नान्सेन यांनी ती इतक्या वेळा वाचली की जवळजवळ पाठ झाली. तरीही छापलेली अक्षरे नुसती डोळ्यांसमोर असण्यातही त्यांना माणसांच्या जगाचा आधार वाटत असे. ग्रंथांच्या सहवासाचे मोल जाणणाऱ्यांना यापेक्षा अधिक सांगण्याची गरज नाही. नाताळच्या सणाला योहानसेन यांनी सदरा उलटा करून घातला, एवढीच काय ती चैन. आणि नववर्षाच्या पूर्वसंध्येला, दोन वर्षे एका जहाजावर आणि नऊ महिने एका पिशवीत झोपल्यानंतर, नान्सेन यांनी आता आपण अहो-जाहो सोडून एकमेकांना अरे-तुरे करावे असे सुचवले. थंडीपेक्षाही माणसामाणसांतील बर्फ वितळायला अधिक काळ लागतो, याची ती खूण होती.

मे १८९६ मध्ये ते पुन्हा निघाले. जूनमध्ये एकदा दोन्ही कयाक बांधलेल्या दोरीसह सुटून वाहू लागले. त्यांत अन्न, बंदुका, सर्वस्व होते. नान्सेन यांनी बर्फाळ पाण्यात उडी घेतली आणि हातपाय बधिर होईपर्यंत पोहत जाऊन ते गाठले. काही दिवसांनी, १७ जूनला, त्यांच्या कानी कुत्र्याचे भुंकणे आले. इंग्रज संशोधक फ्रेडरिक जॅक्सन यांचा तळ जवळच केप फ्लोरा येथे होता. काजळीने काळाकुट्ट झालेला, जटा वाढलेला मनुष्य कोण हे जॅक्सन यांना प्रथम ओळखताच आले नाही. ओळख पटल्यावर त्यांनी नान्सेन यांच्यासाठी नॉर्वेहून आणलेली पत्रे हाती दिली. १३ ऑगस्ट १८९६ रोजी दोघे नॉर्वेच्या वार्डो बंदरात उतरले. विलक्षण योगायोग असा की त्याच दिवशी फ्राम तीन वर्षांच्या बंदिवासातून उघड्या समुद्रात आले होते. तेराच्या तेरा माणसे सुखरूप परतली. ध्रुव गाठला गेला नाही, पण एकही माणूस गमावला नाही. ही नोंद नान्सेन यांच्या नावावर कायमची राहिली.

हरवलेल्यांचा वाटाड्या

यानंतर नान्सेन राष्ट्रपुरुष झाले. १९०५ मध्ये नॉर्वे स्वीडनपासून विभक्त झाले तेव्हा त्यांच्या शब्दाला मोठे वजन होते. १९०६ ते १९०८ ते लंडनमध्ये नॉर्वेचे राजदूत होते. परंतु खासगी आयुष्यात दुःखे साचत गेली. डिसेंबर १९०७ मध्ये एव्हा न्यूमोनियाने गेल्या, आणि ते घरी पोहोचले ते त्यांच्या मृत्यूनंतर. दक्षिण ध्रुवाची आपली आकांक्षा सोडून त्यांनी फ्राम रोआल आमुंडसेन यांना दिले. त्या मोहिमेवर योहानसेनही गेले. पण नेत्याशी खटका उडाल्याने ध्रुवाच्या तुकडीतून वगळले गेले आणि जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी स्वतःच आपले जीवन संपवले. कित्येक महिने ज्याच्या खांद्याला खांदा लावून काढले, त्याला बर्फातून परत आणता आले, निराशेतून आणता आले नाही.

पहिल्या महायुद्धानंतर लाखो युद्धकैदी रशियात, सैबेरियात आणि मध्य युरोपात अडकून पडले होते. १९२० साली राष्ट्रसंघाने त्यांना घरी पोहोचवण्याचे काम नान्सेन यांच्याकडे सोपवले. सोव्हिएत सरकार राष्ट्रसंघाला मानीत नव्हते. मात्र नान्सेन या व्यक्तीशी व्यवहार करण्यास ते तयार झाले. मोजका पैसा, मिळतील ती जहाजे, आणि पुन्हा तेच गणित : किती माणसे, किती भाकर, किती दिवस. १९२२ पर्यंत ४,२७,८८६ कैदी आपापल्या घरी पोहोचले.

१९२१ मध्ये व्होल्गा खोऱ्यात भीषण दुष्काळ पडला. नान्सेन यांनी जिनिव्हाच्या सभेत राष्ट्रांकडे मदत मागितली. सरकारांनी ती नाकारली, कारण ती सोव्हिएत राजवटीला हातभार लावणारी ठरेल अशी त्यांना भीती होती. उपाशी मुलाचा राजकीय पक्ष विचारण्याची ही वृत्ती नान्सेन यांना असह्य झाली. त्यांनी स्वतः दुष्काळी मुलुखात जाऊन परिस्थिती पाहिली आणि खासगी देणग्यांतून मदत उभी केली. मदतीचा फार मोठा वाटा अमेरिकन संस्थेने उचलला हेही येथे नमूद केले पाहिजे.

याच सुमारास एक नवाच प्रश्न उभा राहिला. रशियातून परागंदा झालेल्या लक्षावधी लोकांचे नागरिकत्व नव्या राजवटीने काढून घेतले. ज्याला देश नाही त्याला पासपोर्ट नाही, आणि ज्याला पासपोर्ट नाही त्याला कोठेही काम, निवारा वा प्रवेश नाही. जुलै १९२२ मध्ये नान्सेन यांच्या पुढाकाराने अशा लोकांना ओळखपत्र देण्याचा करार झाला. हाच नान्सेन पासपोर्ट. पुढे पन्नासहून अधिक देशांनी तो मान्य केला. संगीतकार स्ट्राव्हिन्स्की आणि चित्रकार शागाल यांच्यासारख्या कलावंतांनाही त्याचा आधार झाला. आरंभी या कागदात एक उणीव होती. तो घेऊन देशाबाहेर गेलेल्याला त्या देशात परत येण्याचा हक्क नव्हता. परतीची सोय जोडण्यासाठी १९२६ पर्यंत नवा करार करावा लागला.

१९२२ चा नोबेल शांतता पुरस्कार त्यांना मिळाला. त्याची रक्कम त्यांनी मदतकार्याला दिली. मात्र त्यांच्या कार्याची एक दुखरी बाजूही सांगितली पाहिजे. ग्रीस व तुर्कस्तान यांच्यातील लोकसंख्येच्या अदलाबदलीची कल्पना पुढे रेटण्यात त्यांचा वाटा होता. जानेवारी १९२३ च्या करारान्वये ती सक्तीने झाली. दहा लाखांहून अधिक ग्रीक आणि साडेतीन लाखांहून अधिक मुसलमान यांना पिढ्यान्‌पिढ्यांची घरे कायमची सोडावी लागली. कत्तलींपुढे हाच त्यातल्या त्यात बरा मार्ग, असा हिशेब त्यामागे होता. परंतु ज्या माणसाने लाखोंना घरी पोहोचवले त्याच्याच योजनेत लाखोंच्या परतीचे दोर कापले गेले. सीमारेषा घराच्या अंगणातून गेली म्हणजे काय होते हे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना या हिशेबातील वेदना समजावून सांगावी लागणार नाही. आर्मेनियन निर्वासितांना वसवण्याची त्यांची योजनाही सरकारांच्या उदासीनतेमुळे फसली आणि ते शल्य त्यांना अखेरपर्यंत बोचत राहिले.

१३ मे १९३० रोजी लिसाकर येथील पोलहोग्दा या आपल्या घरी नान्सेन यांचे निधन झाले. १७ मे या नॉर्वेच्या राष्ट्रीय सणाच्या दिवशी त्यांची अंत्ययात्रा निघाली. त्यांच्या नावाने स्थापन झालेल्या निर्वासित कार्यालयाला १९३८ चा नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. १९५४ पासून संयुक्त राष्ट्रांचे निर्वासितविषयक कार्यालय त्यांच्या नावाने सन्मान देत आले आहे. फ्राम जहाज ऑस्लोच्या संग्रहालयात जपून ठेवलेले आहे.

नान्सेन यांनी ज्या ध्रुवाकडे पाठ फिरवली, तो त्यांच्या पायांना कधीच लागला नाही. पण बर्फावरील त्या एप्रिलच्या दिवशी त्यांना एक गोष्ट उमगली होती, ती अशी की कुठवर गेलो यापेक्षा बरोबरच्या माणसासह घरी पोहोचलो की नाही, हा प्रश्न अधिक मोठा आहे. एका सोबत्यापुरता सोडवलेला तोच प्रश्न त्यांनी पुढे लाखो अनोळखी माणसांसाठी सोडवू पाहिला. त्यात त्यांना पुष्कळ यश आले आणि काही ठिकाणी दारुण अपयशही आले. घराबाहेर काढलेल्या माणसाच्या हाती निदान एक कागद असावा आणि त्या कागदावर त्याचे नाव असावे, हा आग्रह मात्र जगाने त्यांच्याकडूनच उचलला, आणि त्याची गरज आजही संपलेली नाही.